सायकल टूरच्या सामानाचं वजन पाण्यापासून मोजा

२०१९ च्या डिसेंबरात मी माझाच रक्ताचा नमुना मशीनला लावला आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, ९.२ आलं. नाशिकरोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. काविळीचे नमुने रोज हाताखालून जातात, त्यामुळे सकाळी आरशात डोळे पिवळे दिसले तेव्हाच काय ते कळून चुकलं होतं. पुढच्या तपासणीत हेपटायटिस ई निघाला, दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ. घरच्यांनी आदल्या आठवड्यातल्या पाणीपुरीला दोष दिला. पण हा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा आठवडे जातात. कॅलेंडरवर मागे मोजत गेले तर बोट दिवाळीनंतरच्या सायकल टूरवर येऊन थांबलं. नाशिक, वणी, बोरगाव, सापुतारा आणि परत, चार दिवस. त्या चार दिवसांत मी विहिरीचं आणि ओढ्याचं पाणी प्यायले होते, पण प्रत्येक घोट फिल्टरमधून गाळून.

फिल्टर बिघडलेला नव्हता. त्याच्याकडून जे होणार नव्हतं त्याची मी अपेक्षा धरली होती. आपल्याकडे मिळणारे बारीक नळ्यांचे फिल्टर ०.१ मायक्रॉनचे असतात, म्हणजे त्यांची छिद्रं मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढी. टायफॉइडचे, कॉलऱ्याचे, हगवणीचे जंतू त्यात अडकतात. हेपटायटिस ई चा विषाणू त्या छिद्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, तो सरळ पार होतो. रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या मला हे माहीत असायला हवं होतं आणि ते माहीत होतंही, पण टूरवर निघताना डोक्यात फक्त तंबू आणि त्याचे ग्रॅम होते.

म्हणून आता कुणी विचारलं की “ताई, हलका तंबू कुठला घेऊ?” तर मी आधी विचारते, पाण्याचं काय ठरवलंय?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. उन्हात दिवसभर पॅडल मारलं की चार ते सहा लिटर पाणी पोटात जातं, संध्याकाळचा भात-चहा वेगळा. वाटेत मिळेल ते पाणी पिण्याजोगं करता येत नसेल तर वणीला पाच लिटर भरून घाट चढावा लागतो. करता येत असेल तर दीड लिटर पुरतं. म्हणजे साडेतीन किलो कमी. ते कमी करणारं माझं पाण्याचं सगळं सामान, फिल्टर, पिशवी, गोळ्या, तुरटी आणि कापड धरून, दोनशे ग्रॅमच्या आत बसतं. तंबू बदलून एवढं वजन कमी करायचं तर पगार जाईल.

नाशिकला सायकलींचं वेड मोठं आहे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, त्यानंतर तर पहाटे गंगापूर रोडला आणि त्र्यंबक रोडला सायकलींची रांगच दिसायला लागली. पण शर्यतीत मागे गाडी असते, तिच्यात पाणी असतं, माणसं असतात. टूरवर आपणच गाडी आणि आपणच हमाल. तिथला हिशोब वेगळा.

पाणी कुठलं घ्यायचं

गाळणं, उकळणं, गोळी टाकणं हे सगळं नंतरचं. आधी पाणी निवडायचं, कारण काही पाणी कशानेच पिण्याजोगं होत नाही.

दिंडोरी, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि बागांच्या कडेला शेततळी. दुपारच्या उन्हात ते निळं पाणी बघून मन ओढलं जातं. ते घेऊ नका. ऑक्टोबर छाटणी झाली की वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांना, पेस्ट लावतात, त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. मग पुढे डाउनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्यांवर फवारण्या, त्यात मोरचूद आणि चुना, गंधक आणि नवी औषधंही. खतं ड्रिपमधून जातात. हे सगळं रसायन आहे, जंतू नाहीत. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि रसायन दाट होतं. क्लोरीनच्या गोळीचा त्यावर काही उपयोग नाही, बारीक नळ्यांच्या फिल्टरचाही नाही. टूरचा हंगाम आणि फवारणीचा हंगाम एकच, हे लक्षात ठेवा. बागेत माणूस असेल तर त्याच्याकडे पिण्याचं पाणी मागा. कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही, बहुतेक वेळा वर द्राक्षांचा घडही हातात येतो.

शेततळ्याचा दुसरा धोका त्याहून मोठा. आतला प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका गुळगुळीत होतो की पोहणारा माणूससुद्धा पाय घसरून पडला तर वर येऊ शकत नाही. बाटली भरायला काठावर वाकू नका.

शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीचं पाणी नको, दारणेचंही नको. साचलेल्या पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा तवंग दिसला तर तेही सोडा. त्या शेवाळातलं विष गाळून आणि उकळूनही उरतं.

मग उरतं काय? गावचा नळ, हातपंप, झाकलेली विहीर, वाहता ओढा, याच क्रमाने. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी भरताना जलसुरक्षक भेटला तर “टीसीएल कधी टाकलं?” एवढं विचारा, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तो ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी, करत असतो, आज क्लोरीन आहे की नाही हे तो बरोबर सांगतो. हातपंपाचं पाणी खोलातून येतं म्हणून उघड्या विहिरीपेक्षा बरं, पण ओट्याला भेग पडून सांडपाणी मुरत असेल तर त्याचा भरवसा नाही. पंपाभोवती गुरं बसलेली, डबकं साचलेलं दिसलं तर मी ते पाणी विहिरीसारखंच धरते.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या वरच्या पाड्यांवर पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मार्च उलटला की घोटभर पाण्यासाठी बायका दरीत उतरतात. टँकर येतात. एप्रिल-मेमध्ये अशा पाड्यावर विहिरीच्या तळाशी वाटीने भरलेलं पाणी आपण सायकल पुसायला, अंघोळीला घ्यायचं नाही. प्यायला मागा, लागेल तेवढंच घ्या. बाकीचं खाली बाजारपेठेच्या गावात करा.

गाळायचं आधी, क्लोरीन नंतर

माझी संध्याकाळची रीत आता ठरलेली आहे. मुक्कामाला साडेपाचला पोचले की तंबूच्याही आधी पाणी लावते, कारण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ तंबू उभारण्यात जातो.

पाणी गढूळ असेल तर पहिलं काम तुरटीचं. न्हाव्याकडे असतो तसा तुरटीचा खडा, वीस-पंचवीस ग्रॅमचा, माझ्या डबीत असतो. भांड्यातल्या पाण्यात तो दहा-बारा वेळा गोल फिरवायचा आणि भांडं अर्धा तास हलवायचं नाही. गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी हळूच ओतून घ्यायचं. जास्त तुरटी झाली तर पाणी तुरट लागतं, एकदोनदा करून बघितलं की अंदाज येतो.

मग कापड. आईची एक जुनी सुती साडी होती, धुऊन धुऊन मऊसूत झालेली. तिचा चार मीटरचा तुकडा दुमडून मी झोपायची खोळ शिवली आणि उरलेल्या पदराचे गाळायचे चौकोन केले. चार ते आठ घड्या करून बाटलीच्या तोंडावर बांधते. जुनीच साडी लागते, कारण वापरून धागे पिंजारतात आणि छिद्रं बारीक होतात. बांगलादेशात बायकांना अशा घडीच्या साडीतून पाणी गाळायला शिकवलं तर कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला, २००३ साली तो अभ्यास छापून आला होता. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात, किडे कापडात अडकतात म्हणून. सुटे जंतू कापडात अडकत नाहीत. पण कापडाने गाळलेलं पाणी पुढे दिलं की फिल्टर तुंबत नाही, सायकलवाल्याला त्याचा खरा फायदा हा.

त्यानंतर फिल्टर. माझा पिळायच्या पिशवीचा आहे. पिशवीत घाण पाणी, तोंडाला फिल्टर, खाली स्वच्छ बाटली. घाईने जोरात पिळलं की पिशवीची शिवण उसवते, माझी एक तशीच गेली. आता पिशवी फांदीला टांगते, खाली बाटली ठेवते आणि पाणी आपल्या गतीने उतरू देते. घाण पाण्याची पिशवी आणि स्वच्छ बाटली यांची अदलाबदल कधीच करायची नाही. मी पिशवीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, अंधारातही टॉर्चच्या उजेडात दिसतो. आणखी एक, पिशवी फाटली तर दुकानातली बाटली लावू असं म्हणू नका, आधी घरी बसवून बघा. मला थंड पेयाच्या बाटल्यांचा आटा बसला, पाण्याच्या बऱ्याच बाटल्यांचा बसला नाही.

आणि शेवटी क्लोरीन. ही पायरी मी २०१९ ला खाल्ली होती. मेडिक्लोर या पातळ क्लोरीनचे थेंब गावागावात आरोग्य केंद्रातून वाटले जातात, आशाताईंकडेही असतात. ते चांगले आहेत, पण पातळ क्लोरीन उन्हात आणि उष्णतेत दम सोडतं. पॅनिअरमध्ये, म्हणजे चाकाच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत, महिनाभर तापलेल्या बाटलीवर माझा विश्वास नाही. लांबच्या टूरला मी पाकिटातल्या गोळ्या घेते, त्या टिकतात. किती लिटरला किती, हे प्रत्येक पाकिटावर वेगळं असतं, ते वाचूनच टाका. टाकल्यावर तीस मिनिटं थांबायचं. डिसेंबरात पहाटेचं पाणी बर्फासारखं असेल तर तासभर. तीस मिनिटांनी झाकण उघडल्यावर क्लोरीनचा अगदी हलका वास यायला हवा. वास अजिबात नसेल तर पाण्यातल्या घाणीनेच क्लोरीन खाल्लं, पुन्हा टाका आणि पुन्हा थांबा.

इथे दोन बारीक गोष्टी, ज्या सहसा कुणी सांगत नाही. गोळी विरघळली की झाकण थोडं सैल करून बाटली उलटी करा आणि थोडं पाणी आट्यातून झिरपू द्या. विहिरीत बुडवताना आट्याला जे पाणी लागलं ते तसंच राहतं आणि आपलं तोंड नेमकं तिथेच लागतं. दुसरी गोष्ट, लिंबू किंवा लिंबाच्या चवीची पावडर अर्धा तास पुरा होईपर्यंत टाकायची नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला मारतं. अर्ध्या तासाने मात्र हेच लिंबू उपयोगी पडतं, दोन थेंबांत वास जातो.

फिल्टर असताना क्लोरीन का, आणि क्लोरीन असताना फिल्टर का, हे आता कळलं असेल. विषाणू क्लोरीनने मरतात, पण पोटात मुरडा घालणाऱ्या काही परजीवींची कवचं इतकी जाड असतात की गोळीला दाद देत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम त्यातला. मी शौचाच्या नमुन्यात तो पाहिला आहे. तो आकाराने मोठा, फिल्टरमध्ये हमखास अडकतो. एकाचं राहिलेलं दुसरा करतो.

उकळणं सगळ्यांत पक्कं. जंतू, विषाणू, परजीवी सगळे मरतात आणि त्यासाठी पाच-दहा मिनिटं खळखळवावं लागत नाही. बुडबुडे जोरात फुटायला लागल्यावर एक मिनिट पुरतं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं सांगतात, पण आपलं कळसूबाईच १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही एक मिनिटच. मग मी रोज का उकळत नाही? हिशोब बघा. वाऱ्यात एक लिटरला पंधरा ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. दिवसाला चार लिटर म्हणजे साठ ग्रॅम. २३० ग्रॅमचं डबडं चौथ्या दिवशी संपलं, आणि असं डबडं सुरगाण्याच्या बाजारात मिळत नाही. म्हणून चहाचं आणि भाताचं पाणी उकळतंच, प्यायचं पाणी गाळून-गोळी टाकून. पोट बिघडलेलं असेल किंवा सोबत मूल असेल तर मात्र गॅसचा विचार न करता उकळा. गरोदर बाई सोबत असेल तर पाण्याच्या बाबतीत कुठलीच जोखीम नको, हेपटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो.

अतिनील दिव्याचे पेनही मिळतात. पाणी काचेसारखं असेल तर ते चांगलं काम करतात. आमच्या भागातल्या पाण्याला आणि माझ्या बॅटरीच्या शिस्तीला ते मानवले नाहीत.

तंबू

आता तंबू. हलक्या तंबूंच्या जगात एक पंथ असा आहे की तंबूच नको, ताडपत्रीची शीट ताणून खाली झोपा, अर्ध्या किलोत काम होतं. आपल्या भागात हे करू नका, आणि मी हे लॅबमधल्या अनुभवावरून सांगते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक की जाग येत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरचे ॲसिडिटी समजतात. असा रुग्ण ज्या पहाटे आला होता, ती पहाट मी विसरलेले नाही. म्हणून तळ आणि जाळी एकसंध शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा आतला तंबू हवाच. चेन उघडी ठेवून बाहेर बसायचं नाही. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू बुटातच बसतो.

दुसरी अट, तंबू खुंट्यांशिवाय उभा राहायला हवा. परदेशी व्हिडिओत सगळे गवतावर खुंट्या ठोकून सुंदर तंबू लावतात. आपला मुक्काम कुठे होतो? जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, मारुतीच्या देवळाचा सभामंडप, कुणाच्या तरी घरासमोरचं खळं. फरशीवर खुंटी कशी ठोकणार? स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा आतला तंबू व्हरांड्यात नुसता मांडला की मच्छरदाणी तयार, वरचं आवरण बॅगेतच राहतं. यासाठी तीनशे ग्रॅम जास्त गेले तरी चालतील. माझा दोन माणसांचा तंबू पावणेदोन किलोचा आहे. दोन माणसांचा अशासाठी की पॅनिअरही आत घेता येतात. रात्री कुत्री पिशव्या ओढतात.

त्र्यंबक-हरसूलकडे मुरूम आहे, तिथे तंबूसोबत मिळणाऱ्या तारेच्या खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची खिळे चार घ्या, वजनाला जरा जड आहेत पण वाकत नाहीत. निफाड-सिन्नरकडच्या काळ्या मातीत उलट, खुंटी लोण्यात जाते आणि तशीच निघते. तिथे दोरी सायकलच्या फ्रेमला बांधा.

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकला तंबूचा हट्ट धरू नये. तिथला पाऊस तीन दिवस थांबत नाही आणि ओला तंबू दुसऱ्या दिवशी एक किलोने जड होतो. छप्पर शोधा. पोलीस पाटील किंवा सरपंचांना सूर्य मावळायच्या आधी गाठा, नाव-गाव सांगा, आधार कार्ड दाखवा. मी एकटी बाई सायकलवर आले म्हटल्यावर बहुतेक वेळा शाळेची किल्ली येण्याआधी कुणीतरी मावशी “आमच्याकडेच नीज” म्हणते. वनखात्याच्या जमिनीवर विचारल्याशिवाय मुक्काम नको. नदीच्या पात्रात तर कधीच नको, वर धरणातून पाणी सोडलं तर खाली आभाळ निरभ्र असताना पात्र भरतं.

थंडीत धरणाच्या अगदी काठाशी तंबू लावला तर पहाटे आतून पाणी ठिबकतं. ते दव आपल्याच श्वासाचं असतं. काठापासून थोडं वर चढून लावा आणि वरची झडप उघडी ठेवा. एवढं केलं की झोपायची बॅग कोरडी राहते.

अंथरूण-पांघरूण

मी सुरुवातीला गोधडी नेत होते. गोधडीसारखी झोप कशातच नाही, हे आजही म्हणते. पण ती अडीच किलोची, आणि एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही.

निफाडचा पारा दरवर्षी बातमीत असतो, पाच-सहा अंशांवर येतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीसाठी स्लीपिंग बॅग घेताना पिशवीवरचे दोन आकडे नीट बघा. एक असतो आरामाचा, दुसरा कसाबसा तग धरण्याचा. दुकानदार दुसरा दाखवतो. तुम्ही पहिला बघा, आणि बाईमाणसाने तर पहिलाच बघावा, आपल्याला थंडी जास्त वाजते. आरामाचा आकडा पाच अंशांच्या आसपास असलेली माझी बॅग साडेआठशे ग्रॅमची आहे. पिसांची बॅग हलकी आणि छोटी होते, पण भिजली की पापड होतो. आपल्याकडच्या दवात आणि पावसात मला कृत्रिम धाग्याचीच बरी वाटते. फेब्रुवारीनंतर बॅग घरी आणि साडीची खोळ तेवढी सोबत, तीनशे ग्रॅम.

खालच्या मॅटवर पैसे वाचवू नका. थंडी वरून कमी आणि जमिनीकडून जास्त शिरते. घडी पडणारी जाड फोमची मॅट चारशे ग्रॅमला येते, काटा लागला तरी फुटत नाही. हवेची मॅट मऊ असते, पण बाभळीच्या देशात तिचं आयुष्य थोडं. योगा मॅट जड आणि पातळ, ती नको.

चूल आणि जेवण

महाराष्ट्रात दर दहा-पंधरा किलोमीटरला चहा मिळतो, सकाळी मिसळ मिळते. रोज तिन्ही वेळचा स्वयंपाक करायचं सामान वाहून न्यायची गरज नाही. माझ्याकडे ॲल्युमिनियमचं पाऊण लिटरचं एक भांडं, तळहाताएवढी गॅसची शेगडी आणि एक चमचा, सगळं मिळून चारशे वीस ग्रॅम. खायला सातूचं पीठ, मेतकूट, तांदूळ आणि खुरासणीची चटणी. सातूचं पीठ तर चूल न पेटवता गूळ-पाण्यात कालवलं की झालं, फक्त ते पाणी आधी शुद्ध केलेलं हवं.

स्पिरिटची शेगडी हलकी असते, लॅबमुळे मला तिची सवयही आहे. पण तिची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली असं समजून वरून स्पिरिट ओतलं की हात भाजतो. ती थंड होईपर्यंत बाटलीचं बूच उघडू नका. गॅसचं डबडं असो, स्पिरिट असो की पेट्रोल, रेल्वेत न्यायला बंदी आहे. सायकल गाडीत टाकून परत येणार असाल तर ते आधी संपवा किंवा तिथे कुणाला तरी देऊन या. फेब्रुवारी ते मे लाकडाची चूल पेटवू नका. डोंगरावरचं गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीने वणवा लागतो.

सायकलवर कसं बांधायचं

माझ्या पहिल्या टूरला पाण्याशिवाय साडेएकोणीस किलो सामान होतं. बोरगावच्या घाटात मागच्या चाकाचा स्पोक तुटला, उजव्या बाजूचा, जिथे गिअर असतात. तिथले स्पोक सगळ्यांत ताणलेले असतात आणि सगळं ओझं मीच मागे टाकलं होतं. चाक ब्रेकला घासत होतं, मी सायकल ढकलत वर गेले. आता सगळं मिळून साडेआठ किलोच्या पुढे जात नाही. तंबू पुढे हँडलला गुंडाळून, झोपायची बॅग आणि कपडे मागच्या पॅनिअरमध्ये, हत्यारं आणि खाणं तळाशी. दोन्ही पॅनिअर ताणकाट्याला लावून सारखे करते, अर्ध्या किलोचा फरकही उतारावर हँडल ओढतो. जास्तीचे तीन स्पोक सीटखालच्या नळीला टेपने चिकटवलेले असतात. महागड्या पाणीरोधक पॅनिअरऐवजी साध्या पॅनिअरमध्ये जाड पॉलिथिनची पिशवी घालून तोंड पिळून रबर लावते. आतलं आजवर भिजलं नाही.

सामान ठरल्यावर थेट सापुताऱ्याला निघू नका. आधी एक रात्र घरच्या गच्चीवर तंबूत झोपा आणि त्या रात्री नळाचंच पाणी फिल्टरमधून काढून, गोळी टाकून प्या. फिल्टरची धार किती, गोळीचा वास कसा, तंबूची कुठली चेन अडकते, हे सगळं गच्चीवर कळलेलं बरं. ओआरएसची चार पाकिटं आणि साबणाची वडी तेव्हाच पिशवीत टाकून ठेवा, नंतर विसरतात.

परत आल्यावर फिल्टरमधून उलट्या बाजूने स्वच्छ पाणी जोराने मारायचं, येणारं पाणी निवळ दिसेपर्यंत. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड, क्षार साचून धार बारीक होते. तसं झालं तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून पुन्हा उलटं पाणी मारलं की फिल्टर मोकळा होतो. तो पूर्ण वाळवून ठेवते आणि पुढच्या टूरआधी कोमट पाण्यात भिजत घालते. पुढे कधी स्पितीला किंवा लडाखला गेलात तर रात्री फिल्टर उशाशी, बॅगेच्या आत घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं की नळ्या तडकतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि फिल्टर कायमचा निकामी होतो. तंबू सावलीत दोन तास, जाळी वर करून. साडीचे चौकोन उकळत्या पाण्यातून काढून दोरीवर कडक उन्हात.